डोंगराची सायकल, घराचा हिशोब

वार्षिक परीक्षा संपली की अनेक घरांत एकच मागणी पुढे येते. शाळेत जाण्यायेण्याची साधी सायकल आता लहान वाटू लागलेली असते, वर्गातल्या कुणीतरी जाड टायरची, गियर असलेली सायकल आणलेली असते आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला टेकडीचा रस्ता खुणावत असतो. मागणी वावगी मुळीच नाही. मोबाइलच्या पडद्यापासून दोन तास दूर नेणारा, दम वाढवणारा, आपला तोल आपणच सांभाळायला शिकवणारा असा छंद मुलांनी स्वतःहून मागावा, याचा पालकांना आनंदच व्हायला हवा. अडचण उभी राहते ती दुकानात. 'एकवीस गियर', 'दोन्ही बाजूंना सस्पेन्शन', 'डिस्क ब्रेक' अशा शब्दांचा मारा होतो, रंगीत चौकटी डोळ्यांत भरतात आणि वडील किमतीच्या चिठ्ठीकडे, तर मूल रंगाकडे पाहत निर्णय घेऊन टाकतात. ज्या गोष्टींवर मुलाची सुरक्षितता अवलंबून असते, त्या मात्र पाहायच्या राहून जातात.

या सायकलीचा जन्म मुळी श्रीमंतीतून झालेला नाही. 1970च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातील टॅमलपैस पर्वताच्या परिसरात काही तरुण मंडळी भंगारात निघालेल्या, तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरच्या सायकली स्वस्तात मिळवून डोंगराच्या कच्च्या वाटांवरून उतरत असत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तेथे 'रीपॅक' नावाची शर्यत प्रथम झाली. नावामागे मोठी बोलकी कथा आहे. त्या सायकलींना पेडल उलटे मारून लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या मध्यभागी असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि एका फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी चौकटी बनवल्या, आणि 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. त्या पहिल्या सायकलींना सस्पेन्शन नव्हते आणि त्यांची चमकही केव्हाच उडालेली होती. त्या मंडळींना खरी चिंता एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे ब्रेकची. नवशिक्यासाठी सायकल निवडताना आजही तीच नजर हवी.

मात्र ब्रेकच्याही आधी माप. आपल्याकडे वाढत्या अंगाच्या मुलाला कपडे थोडे मोठे घ्यावेत, असा जुना संकेत आहे आणि तोच संकेत सायकललाही लावला जातो. शर्टाच्या बाह्या दुमडता येतात, सायकलची चौकट दुमडता येत नाही. मोठ्या सायकलवर बसलेल्या मुलाचे पाय थांबताना जमिनीला पुरत नाहीत, हात ताणले जातात, हँडल वेळेवर वळत नाही. सपाट रस्त्यावर हे कसेबसे निभावते. खडकाळ उतारावर अचानक थांबायची वेळ आली की पायांच्या मध्ये असलेली वरची दांडी इजा करते.

दुसरा घोटाळा इंचांचा. दुकानदार '26 इंची' म्हणतो ते चाकाचे माप असते, चौकटीचे नव्हे. एकाच 26 किंवा 27.5 इंची चाकावर लहान-मोठ्या अनेक चौकटी येतात. साधारण दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना 24 इंची चाकाची सायकल सोयीची पडते. त्यापुढे 155 सेंटिमीटरपर्यंत 14 ते 15 इंचांची, 168 पर्यंत 16 ते 17 इंचांची आणि त्याहून उंच मुलांना 18 इंचांच्या आसपासची चौकट असा ढोबळ अंदाज धरता येईल. परंतु कंपनीगणिक मापे बदलतात, म्हणून मूल सोबत नेल्याशिवाय सायकल घेऊ नये. वाढदिवसाला 'अचानक भेट' म्हणून आणलेली सायकल बहुधा मापात चुकते. दुकानात मुलाला नेहमीचे बूट घालून, सायकलच्या वरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे करावे. दांडी आणि शरीर यांत किमान दोन इंचांचे अंतर राहिले पाहिजे. मग सीटवर बसवून टाच खालच्या पेडलवर ठेवावी. पाय सरळ होत असेल तर सीटची उंची योग्य. सीटच्या नळीवर एक आडवी खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढणे धोक्याचे आहे, कारण तेवढ्या उथळ बसलेली नळी वाकते किंवा चौकटच तडकवते. खूण झाकलेली ठेवून सीट अजून थोडी वर घेता येत असेल, तर वाढीसाठी तेवढी जागा पुरे.

आता सस्पेन्शन. स्वस्त सायकलींत सर्वांत फसवी गोष्ट हीच. पुढच्या चिमट्यात आणि मागे चौकटीत स्प्रिंग बसवलेली सायकल दिसायला रुबाबदार असते. परंतु कमी किमतीत ती बसवायची म्हणजे पैसा कुठून तरी वाचवावाच लागतो आणि तो ब्रेक, चाके व बेअरिंग यांतून वाचवला जातो. शिवाय तेथे नुसती स्प्रिंग असते. तिची उसळी आवरणारी यंत्रणा जवळजवळ नसतेच, त्यामुळे चढावर मुलाने लावलेला जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जातो. वजन वाढते ते वेगळेच. अशी सायकल सहज 18 किलो भरते. चाळीस किलोच्या मुलाला 18 किलोची सायकल म्हणजे सत्तर किलोच्या वडिलांना 31 किलोची! वडिलांनी ती टेकडीवर नेऊन पाहावी. मर्यादित खर्चात मागचे सस्पेन्शन सरळ नाकारावे. पुढचे असले तर ठीक, नसले तरी काही अडत नाही. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तरी बराच हादरा शोषला जातो. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची कमाल मर्यादा छापलेली असते आणि पुष्कळदा किमानही. हलक्या मुलाने कच्च्या वाटेवर खालच्या बाजूचा दाब ठेवावा.

गियरच्या आकड्याचाही असाच भ्रम आहे. पुढे तीन आणि मागे सात चक्रे म्हणून 21. पण त्यांतील कित्येक जोड्या जवळपास सारखाच वेग देतात. आज डोंगरी शर्यतींच्या अत्यंत महागड्या सायकलींना पुढे एकच चक्र असते. चढासाठी पाहायचे ते एवढेच, की पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे चक्र जोडल्यावर पेडल पुरेसे हलके होते का, आणि गियर न अडखळता बदलतो का. ही दोन उत्तरे समाधानकारक असतील तर आकडा विसरावा.

ब्रेकच्या बाबतीत नुसते 'डिस्क आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक उत्तम, पण तो महाग. तारेवर चालणारा स्वस्त डिस्क ब्रेक नीट जुळवलेला नसेल, तर त्यापेक्षा रिंगवर दाबणारा चांगला व्ही-ब्रेक कोरड्या वाटेवर नवशिक्याला अधिक भरवशाचा ठरतो. पाहायचे ते मुलाच्या हाताने. मोठ्या माणसासाठी बनवलेला ब्रेकचा लिव्हर लहान बोटांना दूर पडतो आणि ऐन उतारावर बोटे थकून जातात. बहुतेक लिव्हरला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. हे दोन मिनिटांचे काम दुकानदाराकडून तेथेच करून घ्यावे. कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हे मुलाला पाठ असावे आणि दोन्ही ब्रेक सौम्यपणे एकत्र वापरण्याचा सराव आधी मैदानावर व्हावा. नुसता पुढचा ब्रेक उतारावर करकचून दाबला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

पैशांचा हिशोब मांडताना सर्व रक्कम सायकलवर संपवणे ही नेहमीची चूक. समजा घराने वीस हजार रुपये ठरवले. त्यांतून सायकल सुमारे सोळा हजारांची, हेल्मेट दीड हजाराचे, हातमोजे पाचशेचे, हातपंप-जादा ट्यूब-टायर काढण्याच्या पट्ट्या-छोटा पाना मिळून हजार, कुलूप पाचशेचे आणि उरलेले पाचशे पहिल्या महिन्यानंतरच्या दुरुस्तीसाठी, अशी वाटणी शहाणपणाची. दुकानागणिक भाव बदलतील. प्रमाण मात्र बदलू नये. दहा हजारांच्या आत मिळणारी, डोंगरी दिसणारी, बिनगियरची सायकल गावाभोवतीच्या कच्च्या रस्त्यांना पुरेशी असते. ती टेकडी चढेल अशी अपेक्षा ठेवू नये, इतकेच. आपल्या घरांत परिग्रह-परिमाणाचा विचार लहानपणापासून कानांवर पडतो. मुलाला त्याचा अर्थ समजावण्याची याहून चांगली संधी क्वचित मिळेल: रक्कम ठरली आहे, आता त्यात आवश्यक काय आणि हौस काय, हे त्यानेच कागदावर लिहावे.

जुनी सायकल हाही मोठा उपाय आहे. मुले दोन-तीन वर्षांत सायकल लहान करून टाकतात. नात्यागोत्यांत, सोसायटीत, पाठशाळेतल्या मोठ्या मुलांकडे चांगल्या सायकली धूळ खात पडलेल्या असतात. घेताना हँडलच्या नळीजवळ आणि पेडलच्या कण्याजवळ जोडांना तडा आहे का, हे उजेडात पाहावे. चाक उचलून फिरवावे, म्हणजे रिंगचा आउट कळतो. चेनची झीज साध्या फूटपट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचे अंतर बरोबर 12 इंच भरते. ते इंचाच्या अष्टमांशाने वाढले असेल तर चेनबरोबर मागची चक्रेही बदलावी लागण्याचा संभव आहे, आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी.

हेल्मेट मात्र कधीही जुने घेऊ नये. त्याच्या आतला फोम आघात झाल्यावर स्वतः चिरडून डोक्याला वाचवतो आणि एकदा चिरडला की संपला; बाहेरून ते पुष्कळदा कळतही नाही. आतल्या चिठ्ठीवर 'ईएन 1078' किंवा 'सीपीएससी' ही खूण शोधावी. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जुळाव्यात आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील एवढीच ढील असावी. पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे टोपी. केसांची वेणी किंवा आंबाडा असलेल्या मुलींनी केस मानेवर खाली बांधून हेल्मेट घालून पाहावे.

साहित्य घेताना आणखी एक गोष्ट विचारावी. काही हातमोज्यांच्या तळव्याला आणि काही सीटना खरे चामडे लावलेले असते. कृत्रिम कापडाचे मोजे तितकेच टिकतात आणि धुता येतात, तेव्हा चिठ्ठी वाचूनच घ्यावे. खाऊच्या बाबतीतही तेच. सायकलस्वारांसाठी विकल्या जाणाऱ्या चघळायच्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असते, तर वड्यांत मध. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, खाकरा आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली एवढी शिदोरी दोन तासांच्या फेरीला पुष्कळ होते.

राहिला वाटेचा प्रश्न. मुनिराजांच्या ईर्यासमितीत चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल ते चार हातांचे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आतच ओलांडते. म्हणजे स्वाराला नजर आठ-दहा मीटर पुढे ठेवावी लागते आणि जेथे तेवढे दिसत नाही तेथे वेग कमी करावा लागतो. दगड, खड्डा, पादचारी आणि वाटेवरचा जीव, चौघांसाठीही नियम एकच. पावसाळ्यात टेकड्यांच्या वाटा गोगलगायी, पैसे, गांडुळे यांनी भरलेल्या असतात. ओली लाल माती चाकांच्या खाचांत बसते आणि ओल्या रिंगवर व्ही-ब्रेकची पकड घटते. चातुर्मासात टेकडीला विश्रांती देऊन डांबरी रस्त्यावर सराव करणे सर्वच दृष्टींनी योग्य. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये, एकट्याने तर कुठेच जाऊ नये. तीर्थक्षेत्राच्या डोंगराची पायवाट ही वंदनेची वाट आहे; तेथे सायकल पायथ्यालाच ठेवावी. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे, तेथे परतीची वेळ आपोआप ठरते. तो नियम नसलेल्यांनीही अंधार पडायच्या आत उतरावे, आणि मागे लाल दिवा असावाच.

नव्या सायकलच्या तारा पहिल्या महिन्यात थोड्या ताणतात, म्हणून ब्रेक आणि गियर एकदा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. सायकल घेतानाच जवळच्या मिस्त्रीला त्या गियरची दुरुस्ती येते का, हे विचारून ठेवलेले बरे. पंक्चर काढणे मात्र मुलाने स्वतः शिकावे आणि घराच्या अंगणात दोनदा करून दाखवल्यावरच टेकडीवर जावे. फेरीहून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढावे. चिकट राहिलेल्या चेनला धूळही चिकटते आणि बारीक किडेही.