जठरातील जंतू आणि रक्तातील साखर

पुणे जिल्ह्यातील मंचरच्या दवाखान्यात दुर्बिणीने जठर तपासले जाऊन ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नामक जंतू सापडल्याचा दाखला हाती पडला, की अवसरी बुद्रुकच्या एखाद्या मधुमेही गृहस्थाच्या मनात असा तर्क सहज उभा राहतो, की आपल्या साखरेचे मूळ हेच असून जंतू मेला म्हणजे साखरेच्या गोळ्यांनाही रजा देता येईल. तर्क मोहक खरा. पण पुराव्याने तो सिद्ध होत नाही.

जठरव्रणाचे खापर पूर्वी मिरचीवर आणि चिंतेवर फुटत असे. ते १९८२ नंतर पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बऱ्याच अंशी या जंतूच्या माथी ठेवले, आणि वैद्यकविश्वाची खात्री पटेना तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचे मिश्रण स्वतःच प्राशन केले. २००५ साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका आरोपात दोषी ठरलेल्यावर दुसराही आरोप सिद्ध मानण्याची लोकांची खोड मात्र जुनीच आहे.

मधुमेहाच्या फिर्यादीत साक्ष नाही असे नव्हे. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो परिसरातील साठी उलटलेल्या लॅटिनो स्त्रीपुरुषांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा जंतुसंसर्ग असलेल्यांना पुढील दशकात मधुमेह जडण्याचा संभव अडीचपटीहून अधिक आढळला. जठराच्या दीर्घकालीन दाहामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावत असावा, अशी त्याची उपपत्ती. परंतु अन्य पाहण्यांत हा संबंध दिसला नाही, आणि जंतूच्या निर्मूलनाने साखर उतरतेच असेही ठरलेले नाही. शिवाय हा जंतू बहुधा बालपणी, दाटीच्या घरांत, घरच्याच माणसांकडून येतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाही. जंतू सांसर्गिक आहे म्हणून मधुमेहही सांसर्गिक समजून कोणाचे ताट वेगळे करणे हा शुद्ध अन्याय होय.

पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तर के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींची जी पाहणी केली, तिच्यात अर्भके वजनाने कमी, तरी मेदाने तुलनेने पुष्ट निघाली आणि मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता मोठ्या प्रमाणावर आढळली. आमच्याकडील मधुमेहाची मुळे जठराहून कितीतरी दूर, मातेच्या उदरापर्यंत पोहोचतात. जंतूचा खरा उपद्रव, माझ्या मते, याच बी-१२च्या वाटेवर शोधावा: दीर्घ जठरदाहाने अन्नातील बी-१२चे शोषण घटते, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधानेही घटते, तेव्हा पायांच्या मुंग्या साखरेच्या खाती टाकण्यापूर्वी हे जीवनसत्त्व तपासून घेणे इष्ट.

रक्तातील प्रतिपिंडे जंतू गेल्यावरही दीर्घकाळ टिकतात, म्हणून चालू संसर्गाची रुजवात श्वासाच्या वा शौचाच्या चाचणीने करावी, आणि तत्पूर्वी, वैद्याच्या संमतीने, ओमेप्राझोलसारख्या आम्लस्राव रोखणाऱ्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवाव्यात. औषधयोजना बहुधा चौदा दिवसांची. ती अर्धवट सोडू नये. तिच्यातील क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध ग्लिमेपिराइडच्या वर्गातील मधुमेहाच्या गोळ्यांशी जुळून साखर धोकादायकरीत्या खाली ओढू शकते. अशा वेळी घाम फुटून हातपाय कापू लागले, तर त्याला मधुमेह बरा झाल्याची खूण न समजता प्रथम साखर खावी, आणि मग डॉक्टर गाठावा.