पतंग आणि मरुवृक्ष : एक अन्योन्य नाते

आपल्या काव्यात पतंग म्हटला की दिव्यावर झेप घेऊन भस्म होणारा जीव डोळ्यांपुढे येतो. आज ज्या पतंगाचा परिचय मी सुज्ञ श्रोत्यांना करून देणार आहे, त्याच्यावाचून एका वृक्षाचा वंशच खुंटेल.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस मोहावीचे वाळवंट आहे. तेथील जोशुआ वृक्ष युक्का या प्रजातीतील. त्याची पाने खंजिरासारखी टोकदार असतात आणि वसंतात फांद्यांच्या अग्रांवर फिकट फुलांचे घोस येतात. त्यांत इतर कीटकांना भुलवील असा मध फारसा नसतो. परागण करतो तो एक चिमुकला पतंग. मादी मुखाजवळच्या वळणदार अवयवांनी पराग गोळा करते, त्याची गोळी डोक्याखाली धरून दुसऱ्या फुलाकडे जाते, तेथे बीजाशयात अंडी घालते आणि मग कुक्षीवर पराग दाबून बसवते. इतर कीटकांच्या अंगाला पराग सहज जाता जाता चिकटतो; ही मादी मात्र तो जणू जाणून पोहोचवते. पुढे अळ्या काही बिया खातात. उरलेल्या झाडाच्या वंशवृद्धीस लाभतात.

युक्काच्या दुसऱ्या एका जातीवर हा व्यवहार चार्ल्स रायली या कीटकशास्त्रज्ञाने १८७२ साली वर्णिला. या देवघेवीला मर्यादाही आहे. फार अंडी घातली गेलेली फुले काही युक्का गाळून टाकतात आणि त्यांबरोबर अळ्याही मरतात, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अतिलोभाला येथे जागा नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये मोहावीतील सिमा डोम परिसरात वीज पडून वणवा पेटला. त्यात सुमारे तेरा लाख जोशुआ वृक्ष नष्ट झाल्याचा अंदाज आहे. पुढे तेथे रोपे लावण्यात आली; पण रोप फुलावर येण्यास कित्येक दशके लागतात. तोवर आसपासच्या उरल्यासुरल्या वृक्षांवर पतंगाच्या पिढ्या टिकल्या, तरच त्या फुलांना बी धरेल. म्हणून तेथे रोप लावणे हे अर्धेच काम होय. ज्यांच्या आधाराने वृक्ष फळतो, त्या लहान जिवांचीही निगा राखणे हे उरलेले अर्धे. शाळेच्या अंगणात वाढलेल्या आपणा सर्वांना हे निराळे सांगावयास नको.