तपासणारा जेव्हां लिहूं लागतो

रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत, अंजनवेलच्या किनाऱ्यावर जो वीजप्रकल्प उभा आहे तो दाभोळ या नांवानें प्रथम सर्वतोमुखीं झाला. १९९३ सालच्या डिसेंबरांत महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशीं त्याचा करार झाला, १९९९ मध्यें पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यांत तो बंद पडला. विजेच्या दरावरून त्या काळीं जें रण माजलें तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. परंतु या प्रकल्पामागील एन्रॉन या अमेरिकन कंपनीची कथा आणखी एका कारणानें मनन करण्याजोगी आहे. आणि तें कारण विजेचें नसून हिशेबाचें आहे.

एन्रॉनचे हिशेब तपासण्याचें काम आर्थर अँडरसन ही जगद्विख्यात पेढी करीत असे. त्या पेढींत एन्रॉनच्याच तपासणीवर काम केलेले रिचर्ड कॉझी हे गृहस्थ १९९१ सालीं एन्रॉनच्या नोकरींत शिरले व पुढें तेथील मुख्य हिशेब-अधिकारी झाले. शेरॉन वॉटकिन्स या बाईही त्याच पेढींत तयार झालेल्या. २००१ च्या ऑगस्टांत वॉटकिन्सबाईंनीं अध्यक्षांस पत्र लिहून, हिशेबांतील गैरप्रकारांमुळें कंपनी कोसळेल अशी भीति व्यक्त केली; डिसेंबरांत कंपनीचें दिवाळें वाजलें. कॉझी यांनीं २००५ च्या डिसेंबरांत न्यायालयापुढें अपराध कबूल केला व त्यांस साडेपांच वर्षांची शिक्षा झाली. एकाच शाळेंतून निघालेलीं आणि एकाच वाटेनें गेलेलीं हीं दोन माणसें!

तेव्हां त्या वाटेंतच कांहीं पाप आहे असें नव्हे. रत्नागिरीचा एखादा मुलगा मुंबईच्या पेढींत आर्टिकलशिप करतो, सी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण होतो, चार-दोन वर्षें कारखान्याकारखान्यांतून माल मोजीत आणि व्हौचरें पडताळीत हिंडतो, व मग एप्रिल-मे मधील जागरणांस कंटाळून एखाद्या कंपनीच्या हिशेबखात्यांत स्थिरावतो. घरच्या मंडळींस वाटतें कीं काम तेंच, कचेरी तेवढी बदलली. (लग्नाच्या बाजारांत तर कंपनीची नोकरी अधिकच मानाची!) पण काम तें राहत नाहीं.

तपासनीस दुसऱ्यानें मांडलेल्या ताळेबंदाविषयीं मत देतो. ताळेबंद मांडण्याची जबाबदारी २०१३ च्या कंपनी कायद्यानें संचालकांवर टाकली आहे, आणि संचालकांच्या वतीनें लेखणी धरतो तो हा नवा नोकर. भेद किती आहे तें कोंकणांतल्याच उदाहरणानें पाहावें. समजा, एका कंपनीच्या मालकीच्या हापूसच्या बागा आहेत आणि तिला भारतीय हिशेब मानकें लागू आहेत. वर्ष संपतें ३१ मार्चला, म्हणजे ऐन हंगामांत. त्या दिवशीं कांहीं आंबा पेट्यांतून वाशीस गेलेला, कांहीं अढींत आणि बराचसा झाडावर असतो. कलमांची नोंद यंत्रसामग्रीप्रमाणेंच होते व त्यांवर दरवर्षीं घसारा धरला जातो. परंतु झाडावरील फळाची किंमत, ती विश्वसनीय रीतीनें ठरवितां येत असल्यास, त्या दिवसाच्या वाजवी बाजारभावांतून विक्रीचा खर्च वजा जातां जी उरेल ती धरावयाची. वाशीस दलालाकडे विक्रीसाठीं ठेवलेली पेटी विकली जाईपर्यंत कंपनीचीच. तिचें बिल आधींच विक्रींत धरून नफा फुगवितां येत नाहीं. आतां, अर्धवट वाढलेल्या फळाचा भाव काय? तुडतुडे, अवकाळी पाऊस, उन्हानें होणारी गळ यांसाठीं किती वजा करावें?

मे महिन्यांत तपासनीस येतो व विचारतो, ‘हा भाव कोठून आणला?’ कालपर्यंत हा प्रश्न विचारणाऱ्यास आतां त्याचें उत्तर द्यावयाचें असतें. त्याहून अवघड म्हणजे, प्रश्न कोणी विचारण्यापूर्वींच एक आंकडा लिहून मोकळें व्हावयाचें असतें. ज्या कंपनीचे भाग शेअरबाजारांत नोंदलेले आहेत तिला तिमाहीचे आंकडे ४५ दिवसांच्या आंत प्रसिद्ध करावे लागतात. तेथें पुरावा पुरा होईपर्यंत थांबण्याची सोय नाहीं.

तपासणींत गेलेलीं वर्षें येथें उपयोगी पडतात खरीं. कोणता कागद मागितला जाईल हें त्यास ठाऊक असतें. पण तपासनीसाची नजर कोठें पोंचत नाहीं, हेंही त्यास तितकेंच ठाऊक असतें. आणि समोर बसलेला तपासनीस जुना सोबती असला तर प्रश्नही सौम्य होतात. खरा धोका आहे तो येथें. म्हणूनच अमेरिकेंत २००२ च्या कायद्यानें, तपासणींत भाग घेतलेला माणूस त्याच कंपनीचा मुख्य वित्त-अधिकारी किंवा हिशेब-अधिकारी होण्यापूर्वीं एक वर्षाचा खंड आवश्यक ठरविला. आपल्याकडे नरेशचंद्र समितीनें त्याच वर्षीं दोन वर्षांचा खंड सुचविला. पेढीनें एकाच कंपनीशीं फार जवळीक करूं नये म्हणून २०१३ च्या कायद्यानें नोंदलेल्या कंपन्यांत तपासणी-पेढीस सलग दहा वर्षांची मर्यादा घातली.

तपासनीसास मान्य न झालें तर तो अहवालांत तसें नमूद करतो किंवा काम सोडतो. पेढीला दुसरीं गिऱ्हाइकें असतात. नोकरास गिऱ्हाईक एकच, आणि त्याचा पगारही तेंच देतें. मात्र १९४९ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेचा तो सभासद राहतोच, व नोकरींत असतांनाही तिच्या शिस्तीस बांधलेला असतो. म्हणून या खात्यांत मुरलेले लोक प्रत्येक अंदाजाचें टिपण त्याच दिवशीं, तारीख घालून लिहून ठेवतात: वाशीचा भाव कोणत्या दिवसाचा घेतला, गळ किती धरली, साहेबांनीं कोणता आंकडा सुचविला आणि शेवटीं कोणता लिहिला.