आप्त कोणाला म्हणायचं? : मत, बातमी आणि बिबट्या

 

आजचा विषय रोजचाच आहे. सकाळी आपण एखादी बातमी वाचतो, तिच्यावर मत देतो, दुसऱ्याचं मत ऐकतो आणि पुष्कळदा चिडतो. राजकारण, शाळा, मोबाईल, शेतमालाचे भाव, कशावरही. या मतांचं वजन कशावरून ठरवायचं, एवढाच प्रश्न आज घेऊ. ओझरला, विघ्नहराच्या गावात बोलतो आहोत, तर उदाहरणही इथलंच घ्यावं. जुन्नर-आंबेगावात चार माणसं बसली की बिबट्याचा विषय निघाल्याशिवाय उठत नाहीत. तेव्हा तोच घेऊ.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत आपण म्हणतो, 'मला थंडी वाटते', 'मला भीती वाटते'. आणि त्याच क्रियापदाने म्हणतो, 'मला वाटतं, सरकारचं चुकलं'. थंडी वाटते म्हणणाऱ्याला 'नाही, तुला वाटत नाही' असं कोणी म्हणू शकत नाही. त्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा. पण सरकारचं चुकलं की नाही, हे आपल्या वाटण्यावर अवलंबून नाही. ते बाहेर जाऊन तपासावं लागतं. आपली गल्लत इथे होते. मत खोडलं की आपल्याला अंगाला धक्का लागल्यासारखं होतं, कारण 'वाटणं' ही आपली खासगी मालमत्ता आहे असा समज असतो. मत बाळगण्याचा अधिकार सगळ्यांना सारखा आहे, यात वादच नाही. पण अधिकार सारखा म्हणून वजन सारखं होत नाही.

मग वजन कशाने येतं? आपल्याकडच्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. आपलं बहुतेक ज्ञान असंच असतं. आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला कोणीतरी सांगितलेली असते! म्हणून 'मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलंच मानतो' ही फुशारकी टिकत नाही. प्रश्न एवढाच की सांगणारा कोण? न्यायसूत्रांचं उत्तर आहे, आप्त. भाष्यकार वात्स्यायनाने त्याची लक्षणं दिली आहेत. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, हे लक्षण सगळ्यांना सारखंच लागू आहे. जात, पद, पदवी यांचा त्यात उल्लेख नाही.

आता गंमत पाहा. हाच 'आप्त' शब्द मराठीत आला आणि नातेवाईक झाला. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. म्हणजे 'जाणणारा आणि खरं सांगणारा' याच्या जागी 'आपला' येऊन बसला. मोबाईलवर रोज नेमकं हेच घडतं. मामांनी पाठवलं, म्हणजे खरंच असणार. मामा आपले आहेत, प्रेमळ आहेत, पण त्यांनी ते कुठे पाहिलं? त्यांना तर त्यांच्या मित्राने पाठवलेलं असतं.

आता बिबट्याकडे येऊ. इथे दोन मतं जोरात असतात.

पहिलं मत शहरातलं. 'माणसांनीच जंगलात अतिक्रमण केलं, बिबट्या बिचारा कुठे जाईल?' ऐकायला हे उदार वाटतं. पण ज्या गावांत ही भांडणं होतात ती काल जंगल तोडून वसलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे ती. इथे बदल झाला तो पिकात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालव्याला पाणी आलं, ऊस वाढला. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो. दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. मादी उसात पिलं देते, आणि तोडणीला मजूर आत गेले की बछडे सापडतात. ज्या बिबट्याचा जन्मच उसात झाला, त्याचं घर माणसाने बळकावलं, हे म्हणणं इथे लागू पडत नाही.

दुसरं मत गावातलं. 'पिंजरे लावा, पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा.' यासारखी साधी, समजण्याजोगी मागणी नाही. आणि ही मागणी इथे एकदा अमलात आणून झालेली आहे. २००१ पासून जुन्नर भागातले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून आसपासच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं आढळलं की १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. स्थलांतर सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. उपाय सुरू झाला आणि त्रास वाढला. सोडलेलं जनावर अनोळखी मुलखात गोंधळतं, ते आपल्या जागेकडे परतायला पाहतं. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं. म्हणजे जे मत सर्वांना उघड सत्य वाटत होतं, त्याची किंमत माणसांनीच मोजली.

लक्षात घ्या, दोन्ही मतांत लबाडी नव्हती. दोन्हीकडे लोक प्रामाणिक होते. कमी होतं ते जाणणं. आणि जाणणारेही एकाच जागी नव्हते. हल्ले किती वाढले, हे मोजणाऱ्या अभ्यासकाला ठाऊक. पण रात्री मोटर चालू करायला अंधारात का जावं लागतं, हे शेतकऱ्यालाच ठाऊक, कारण शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. दिवसा वीज द्या, ही मागणी बिबट्याच्या प्रश्नाशी जोडलेली आहे, हे पुण्यातल्या दिवाणखान्यात सुचत नाही. ज्या बाईने वस्तीमागे मादी आणि दोन बछडे पाहिले, ती त्या गोष्टीपुरती आप्त आहे, मग ती शाळेत गेलेली असो वा नसो. पण तिच्या सांगण्यावरून 'तालुक्यात हजार बिबटे आहेत' असं कोणी म्हणू लागला, तर तो आप्त नव्हे. आप्तपण माणसाला कायमचं चिकटत नाही, ते त्या त्या गोष्टीपुरतं असतं. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाने पिंजरा कुठे लावावा हे सांगू नये, ते याचसाठी.

आता तंत्रज्ञानाने काय बदललं? पुष्कळजण सगळा दोष मोबाईलला देतात. तसं म्हणता येत नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो, ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तेव्हा हातात मोबाईल नव्हते. उलट प्रत्येकाने चमचा धरून 'प्रत्यक्ष' पाहिलं होतं. दूध पृष्ठताणामुळे ओढलं जाऊन मूर्तीवरून खाली ओघळतं, हे कळायला प्रत्यक्षाच्या पुढे जाऊन अनुमान करावं लागलं.

मोबाईलने वेगळी गोष्ट केली. त्याने सांगणाऱ्याला गायब केलं. पारावर कोणी काही बोललं तर त्याचं तोंड दिसायचं. 'तू पाहिलंस का?' असं विचारता यायचं, आणि तो खोटा ठरला तर गावात त्याची पत जायची. पुढे ढकललेल्या संदेशाला तोंडच नाही. विचारणार कोणाला? आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला बिबट्या कोणत्याही सोसायटीच्या फाटकात बसवता येतो. चित्र म्हणजे प्रत्यक्ष, हा जुना हिशेबही त्यामुळे मोडला.

याचा शेवट कुठवर जातो, ते धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यांतल्या एकानेही कोणाचं मूल पळवलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वेग कमी झाला असेल. पण 'हे कोणी पाहिलं?' हा प्रश्न कंपनी आपल्या वतीने विचारणार नाही. तो आपणच विचारायचा आहे.

आता वादाबद्दल थोडं. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा, म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडणं. मराठीने इथेही करामत केली. 'वाद' म्हणजे भांडण झालं, आणि 'वितंडवाद' हा शब्द मात्र आपण अचूक सांभाळला! आपल्या गटातली चर्चा कोणत्या जातीची आहे, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. समोरच्याने काय दाखवलं तर मी मत बदलीन, हे मला सांगता येतं का? येत असेल तर तो वाद. येत नसेल तर जल्प, मग भाषा कितीही सभ्य असो.

एक गोष्ट मात्र चर्चेतून बाजूला ठेवली पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत लहान मुलं होती. लोक पुणे-नाशिक रस्त्यावर उतरले. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराचा आक्रोश हे 'मत' नाही. तिथे थंडी वाटण्यासारखंच आहे, त्यांचाच शब्द शेवटचा. त्याला आकडेवारीने उत्तर द्यायला जाणं हा अडाणीपणा आहे. पण तोच आक्रोश उचलून, स्वतःचं काही न गमावलेल्या माणसाने 'सगळे बिबटे मारा' किंवा 'गावकरीच क्रूर' असं लिहिलं, तर ते मत झालं. त्याला पुरावा मागितलाच पाहिजे.

मग आपण बोलायचंच नाही का? असं अजिबात नाही. अभ्यासकावर सगळं सोपवून गप्प बसणं हेही चूक, कारण रात्रीच्या विजेची गोष्ट अशा गप्प बसण्यातच हरवते. बोला, पण बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: मी काय पाहिलं, मी काय ऐकलं आणि कोणाकडून, आणि त्यावरून मला काय वाटतं. आज घरी गेल्यावर मोबाईलवरचा शेवटचा संदेश उघडून त्याचे हे तीन भाग पाडून बघा. पहिला भाग बहुधा रिकामा निघेल. तसा निघाला, तर तो पुढे पाठवू नका, आणि ज्याने पाठवला त्याला प्रेमाने विचारा, 'मामा, हे पाहिलं कोणी?'