दुखत नसताना दवाखान्यात

पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. गळायला लागल्यावर कौलांवर चढणे धोक्याचे असते आणि तोवर भिंतीही भिजलेल्या असतात. हा विचार खेड्यातल्या कोणत्याही बाईला शिकवावा लागत नाही. ज्वारीला कीड लागण्याआधी ती कणगीत कडुनिंबाचा पाला घालते, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधते. स्वतःच्या शरीराबाबत मात्र तीच बाई नेमके उलटे वागते. दुखणे असह्य होईपर्यंत ती ते 'अंगावर काढते'. मराठीत या वागण्यासाठी स्वतंत्र वाक्प्रचारच असावा, यावरून ते किती सर्रास आहे हे लक्षात येते.

शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही शिक्षिकांना विचारले, "बाळंतपण सोडून, स्वतःच्या प्रकृतीसाठी, काही होत नसताना तुम्ही दवाखान्यात कधी गेला होता?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने हसत सांगितले, "काही होत नसताना कशाला जायचे?" हा प्रश्न बिनतोड वाटतो. त्याचे शास्त्रीय उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

गडचिरोलीतील पाहणी

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या स्त्रिया दवाखान्यात आलेल्या रुग्ण नव्हत्या, गावात राहणाऱ्या सर्वसामान्य स्त्रिया होत्या. तरीही त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा किंवा पाळीचा कोणता ना कोणता विकार आढळला. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंत स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असेच समीकरण होते. तक्रार कोणी करत नाही म्हणजे आजार नाही, हा समज या पाहणीने खोटा ठरवला.

रक्तक्षयाचे उदाहरणही असेच आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलीलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तिला रक्तक्षय आहे असे मानतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. यांतील बऱ्याचजणींना आपण आजारी आहोत असे वाटतही नसते. धाप लागणे, थकवा येणे हा बाईच्या जातीचा स्वभावच आहे, असे त्या धरून चालतात. बोटातून घेतलेला रक्ताचा एक थेंब हे चित्र बदलू शकतो.

सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकसंख्येला आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा आपल्याकडचा दंडक आहे. तिशी उलटलेल्या स्त्रीचा रक्तदाब व रक्तातील साखर मोजणे, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करणे, ही कामे प्राथमिक आरोग्यसेवेच्या कक्षेत येतात. यांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आपण सविस्तर पाहू. कारण दुखत नसताना का जायचे, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर तिच्यात सापडते.

पंधरा-वीस वर्षांची सवड

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनीमार्गात उघडतो. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. बायका त्याला 'पिशवीचे तोंड' म्हणतात. येथे दोन प्रकारच्या पेशींची सीमारेषा असते. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे अनेक थर असतात आणि आतल्या नळीला उभट पेशींचा एकच थर असतो. वयाबरोबर ही सीमा सरकते, उभट पेशींची जागा चपट्या पेशी घेतात. जेथे हा बदल चालू असतो, तेथेच कर्करोगाची सुरुवात बहुधा होते.

त्यामागे असतो ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही. हा संबंध शोधून काढल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोगांना १६ व १८ क्रमांकाचे दोनच प्रकार जबाबदार असतात. तो लैंगिक संबंधातून पसरतो आणि इतका सर्वत्र आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होतोच. म्हणून या संसर्गावरून कोणाच्या चारित्र्याविषयी निष्कर्ष काढणे अज्ञानाचे आहे.

बहुतेक स्त्रियांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत या विषाणूचा बंदोबस्त करते. थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो. पेशी बदलू लागतात, पण लगेच कर्करोग होत नाही. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीत त्याला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. या सगळ्या काळात काहीही दुखत नाही. पाळीव्यतिरिक्त रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा पुष्कळदा कर्करोग झालेला असतो. म्हणजे निसर्गाने आपल्याला पंधरा-वीस वर्षांची सवड दिलेली आहे. दुखण्याची वाट पाहणे म्हणजे ती सवड हातची घालवणे होय.

ती आपण किती घालवतो? २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. आणि वर उल्लेखलेल्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम दोन होत्या.

एक मिनिट आणि थोडे सिरका-पाणी

गर्भाशयमुखावरील पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. तिला पॅप चाचणी म्हणतात. श्रीमंत देशांत तिने या कर्करोगाचे प्रमाण खूपच खाली आणले. पण तिला प्रयोगशाळा लागते, पेशी ओळखणारा तज्ज्ञ लागतो, आणि अहवाल येईपर्यंत बाई पुन्हा कामाला निघून गेलेली असते.

म्हणून एक सोपी पद्धत पुढे आली. तपासणारी परिचारिका किंवा डॉक्टर स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने योनीमार्ग किंचित उघडून धरते, गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचे अॅसेटिक आम्ल कापसाच्या बोळ्याने लावते आणि एक मिनिट थांबून चांगल्या उजेडात पाहते. अॅसेटिक आम्ल म्हणजे सिरक्यातला आंबट घटक. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा, अपारदर्शक दिसतो आणि थोड्या वेळाने तो रंग मावळतो.

असे का होते? आम्लामुळे पेशींतील प्रथिने तात्पुरती गोठतात. बदललेल्या पेशींची केंद्रके मोठी असतात आणि त्या दाटीवाटीने असतात, त्यामुळे त्यांच्यात प्रथिने अधिक. ती गोठली की प्रकाश आत शिरत नाही, परावर्तित होतो आणि तो भाग पांढरा दिसतो. निरोगी भाग मात्र गुलाबीच राहतो. अंड्याचा पारदर्शक बलक उकडल्यावर पांढरा होतो, ही याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आहे. तेथे उष्णता प्रथिने गोठवते, येथे आम्ल. पाळी गेल्यानंतर पेशींची सीमारेषा आतल्या नळीत सरकते व डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून वयस्क स्त्रियांत ही पद्धत कमी उपयोगी पडते.

महाराष्ट्रात घेतलेला पडताळा

पद्धत सोपी असली तरी ती प्राण वाचवते का, हे मोजून पाहावे लागते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून असा अभ्यास केला. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा सिरक्याची तपासणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आरोग्यसेविकांना डॉक्टरची पदवी नव्हती, हे येथे महत्त्वाचे.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. त्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले होते. एका गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी केली. आठ वर्षांत त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने दगावल्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या. म्हणजे दर दहा हजारांमागे सुमारे १० विरुद्ध २०. सिरक्याची व पॅप चाचणी झालेल्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये खात्रीलायक घट दिसली नाही. सिरक्याची तपासणी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, विषाणूची चाचणी तशी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिशीनंतर दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणीला पसंती दिली, त्यामागे असे पुरावे आहेत. ती महाग पडते. तिची सोय नसेल तेथे सिरक्याची तपासणी न करण्यापेक्षा करणे बरे.

या अभ्यासांवर टीकाही झाली. तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी न करणे नीतीला धरून होते का, असा प्रश्न विचारला गेला. तो रास्त आहे. आपल्याला मिळालेल्या ज्ञानात त्या स्त्रियांचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये.

'पांढरा डाग' म्हणजे कर्करोग नव्हे

येथे थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. १,००० स्त्रियांपैकी २० जणींच्या पेशी खरोखर बदलल्या आहेत आणि चाचणी त्यांतल्या १६ पकडते असे समजा. उरलेल्या ९८० निरोगी स्त्रियांपैकी दर दहांत एकीला, म्हणजे ९८ जणींना ती चुकून 'दोष आहे' असे सांगते. दोष सांगितलेल्या एकूण ११४. त्यांपैकी खऱ्या १६, म्हणजे साधारण सातांत एक. शिवाय ४ जणी नजरेतून सुटल्या. म्हणून चाचणी हा निकाल नसतो, ती चाळणी असते. पुढची तपासणी करावीच लागते, आणि चाळणी ठरावीक वर्षांनी पुन्हा लावावी लागते.

हे न समजल्यास काय होते? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या आल्या आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कर्करोगाची भीती दाखवून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी त्यात होत्या. पांढरे जाण्याचे कारण बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. पेशी बदललेल्या असल्या तरी तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो. बहुतेक वेळा त्यासाठी भूलही द्यावी लागत नाही आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. तपासणी टाळल्याने जसे प्राण जातात, तसेच अर्धवट माहितीने गर्भाशय जाते.

आपण काय करावे?

प्रतिबंधाची पहिली पायरी लसीची आहे. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी ठरते, म्हणजे नेमक्या आपल्या वर्गांतल्या मुलींना. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. पालक शंका घेऊन शिक्षकांकडेच येतात, तेव्हा उत्तर तयार हवे. लस सर्व प्रकारच्या विषाणूंपासून रक्षण करत नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायची असते.

विज्ञानाच्या तासाला एक प्रयोग सहज करता येईल. काचेच्या पेल्यात कोमट दूध घेऊन त्यात थोडा सिरका किंवा लिंबाचा रस घाला. दूध फाटते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात. आम्लाचा प्रथिनांवर होणारा परिणाम दिसला, की मोठ्या वर्गांत गर्भाशयमुखाची तपासणी कशी होते हे सांगता येते. वरचे गणित शेकडेवारीच्या पाठाला जोडता येते.

आणि शेवटची गोष्ट शिक्षिकांसाठी. आरोग्य केंद्रात पडदा आहे का, पुरेसा उजेड आहे का, तपासायला बाई आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. नसेल तर ग्रामसभेत मागणी करता येते. पण ते विचारण्यासाठी आधी तेथे जावे लागेल. शाळेतली बाई तपासून आली, हे गावातल्या दहा बायकांना कळले, तर भिंतीवरच्या फलकाने होणार नाही ते काम होते. मेळाव्यात हसून प्रश्न विचारणाऱ्या त्या शिक्षिकेला आम्ही एवढेच सांगू, की काही होत नसते तेव्हाच करण्यासारखे सर्वांत जास्त असते.