उंदराचा दात आणि नातवाचं मूळ

लहानपणी दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळात टाकायचा, नाहीतर कौलावर भिरकवायचा, असा आपल्याकडे रिवाज होता. आमची दादी म्हणायची, आपला दात उंदराला द्यायचा आणि बदल्यात त्याचा मागून घ्यायचा. या मागण्याचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर कळला, तोही नातवामुळे.

नातू आठ वर्षांचा. सायकलवरून पडला आणि वरचा समोरचा दात अर्धा तुटला. दात दुधाचा नव्हता, कायमचा होता. रक्त थांबलं, दुखणंही राहिलं. मीच म्हणालो, ‘‘दुखत नाही ना? मग राहू दे.’’ दीड महिन्यानं हिरडीवर गळू आलं, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, ‘‘चाचा, या दाताचं मूळ अजून पुरं झालेलंच नाही. आणि आतला जीव गेलाय.’’

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. आधी मूळ धरतं, मग कोंब फुटतो, एवढंच मला ठाऊक. दाताचं मात्र उलटं असतं. आधी हिरडीच्या आत दाताचा माथा तयार होतो, मग मूळ खाली उतरू लागतं. दात तोंडात दिसू लागतो तेव्हाही मूळ अपुरंच असतं. ते पूर्ण व्हायला पुढं आणखी दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे समोरच्या दाताचं मूळ साधारण नवव्या-दहाव्या वर्षी पुरं होतं.

हे काम चालतं कसं? माथ्याच्या काठाशी पेशींचे दोन पातळ थर एकत्र येतात आणि अस्तनीसारखे खाली जबड्यात वाढत जातात. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं हे आवरण ओळखलं जातं. मुळं किती आणि त्यांचा आकार कसा, हे ते आवरण ठरवतं. त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी डेंटीन, म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग, घडवतात. मग आवरण जाळीसारखं विरतं, बाहेरच्या पेशी आत शिरून मुळावर सिमेंटमचा लेप चढवतात, आणि त्यात रुतलेले धागे दाताला हाडाशी बांधून ठेवतात.

या पेशींना हुकूम देतात ते वाढीचे घटक, म्हणजे ग्रोथ फॅक्टर. ही प्रथिनं म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेल्या चिठ्ठ्याच समजा. जिच्या अंगावर योग्य पेटी असेल तिलाच चिठ्ठी मिळते. आणि तीच चिठ्ठी एका वेळी ‘वाढ’ म्हणते, तर दुसऱ्या वेळी ‘आता थांब, कामाला लाग’ म्हणते.

यातली एक चिठ्ठी दातांमुळेच सापडली. अमेरिकेतले स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे आणि दात वेळेच्या कितीतरी आधी उघडले. त्यातून १९६२ साली त्यांनी वेगळं काढलेलं प्रथिन पुढं ईजीएफ म्हणून ओळखलं गेलं. १९८६ चं नोबेल पारितोषिक त्यांना आणि रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना मिळालं.

मुळाच्या बाबतीत एफजीएफ-१० ही चिठ्ठी महत्त्वाची. उंदराच्या दाढेत ती येत राहते तोवर माथा वाढतो, ती थांबली की मूळ सुरू होतं, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. उंदराच्या पुढच्या दातांत मात्र ती कधी थांबतच नाही. म्हणून ते जन्मभर वाढतात, आणि जन्मभर कुरतडून झिजवावे लागतात. त्यांना आपल्यासारखं मूळ धरतच नाही. दादी जो दात मागायची तो हा! मूळ धरायचं तर वाढीचा एक निरोप वेळेवर थांबावा लागतो.

दुसऱ्या चिठ्ठ्या बीएमपी आणि टीजीएफ-बीटा यांच्या. त्या पेशीच्या आत पोचवणारा हरकाऱ्या म्हणजे स्मॅड-४. उंदराच्या दाताच्या आवरणातून तो काढून टाकल्यावर माथा झाला, पण मूळ झालं नाही.

नातवाच्या दातात जंतू शिरले आणि हा सगळा पत्रव्यवहारच थांबला. मूळ आखूड राहिलं, भिंती पातळ आणि टोक उघडं, पपईच्या देठासारखं पोकळ. असा दात साध्या धक्क्यानंही मोडू शकतो.

डॉक्टरांनी आतला भाग औषधानं स्वच्छ केला. मग मुळाच्या टोकापलीकडं हलकेच टोचून रक्त आत येऊ दिलं आणि त्याची गुठळी होऊ दिली. डेंटीन घडताना त्यात वाढीचे घटक बंदिस्त झालेले असतात. ईडीटीए नावाच्या द्रावणानं धुतलं की त्यातले काही सुटतात आणि टोकाशी उरलेल्या मूळपेशींना हाक देतात. काही मुलांत भिंती जाड होतात, मूळ लांबतं, काहींत नाही. नवं बनतं तेही पुष्कळदा अस्सल डेंटीन नसतं, सिमेंटम किंवा हाडासारखं असतं. वर्षानंतर आमच्या नातवाच्या मुळाची भिंत थोडी जाड दिसली, लांबी होती तेवढीच. डॉक्टर म्हणाले, ‘‘हेही कमी नाही.’’

म्हणून सांगतो, मुलाचा कायमचा दात तुटला तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. दात अख्खाच निघाला तर माथ्याला धरून उचला, मूळ घासू नका. मळला असेल तर क्षणभर धुऊन जागेवर बसवा; जमत नसेल तर दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवू नका.

तो खुशाल उंदराला द्या. बदल्यात काही मागू नका.