ऑर्किडचा व्यवसाय करायचाय? आधी पाणी घालायला शिका!



गच्चीवर किंवा बाल्कनीत ऑर्किड वाढवून विकायचे, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. कल्पना चांगलीच आहे. जागा कमी लागते, फुलं अनेक आठवडे टिकतात आणि भेट द्यायलाही लोक घेतात. मग घोडं अडतं कुठे? पाण्यापाशी!

आधी हिशोब बघूया. समजा, तुम्ही २० रोपं प्रत्येकी २५० रुपयांना आणली आणि ४५० ला विकणार आहात. खरेदी ५,००० आणि विक्री ९,०००, म्हणजे वरचे ४,००० तुमचे. आता यातली फक्त ६ रोपं मेली तर? १४ रोपांचे ६,३०० येतील आणि हातात उरतील १,३००. कुंड्या आणि वाहतूक यात धरलेलीच नाही. म्हणून या धंद्यात पाणी घालणं हे माळीकाम समजू नका, तो तुमचा नफा आहे.

कोरड्या घरात नेमकं काय चुकतं?

मुंबई-कोकणात हवेतच दमटपणा असतो. पण सोलापूर, जळगाव किंवा नागपूरला एप्रिल-मे महिन्यात काय होतं? हवा कोरडी ठणठणीत, त्यात पश्चिमेचं ऊन. ऑर्किडची पानं सुरकुततात. आपण म्हणतो, "बिचारं तहानलंय," आणि आणखी पाणी ओततो. आठ दिवसांत झाड खलास!

कारण समजून घ्या. आपण विकतो ती फॅलेनोप्सिस आणि डेंड्रोबियम ही ऑर्किडं निसर्गात झाडांच्या खोडावर वाढतात. आपल्या सह्याद्रीतही आंब्या-जांभळाच्या खोडावर जंगली ऑर्किडं दिसतात. त्यांची मुळं उघड्यावर असतात. मुळांवर स्पंजसारखं जाड आवरण असतं, ते पाणी पटकन शोषतं आणि नंतर वाळतं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. सतत ओल्या कुंडीत हवा मिळाली नाही की मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. म्हणजे कुंडी ओली, पण झाड तहानलेलं!

म्हणून पान सुरकुतलं की आधी मूळ बघा, मग पाण्याला हात लावा. मूळ टणक असेल तर झाडाला पाणी कमी पडतंय. मूळ मऊ, तपकिरी आणि पोकळ लागलं तर पाणी जास्त झालंय. अशा वेळी निर्जंतुक कात्रीने कुजका भाग कापा, एक दिवस सावलीत सुकू द्या आणि नव्या मिश्रणात लावा.

"किती दिवसांनी पाणी घालू?"

हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक कस्टमर विचारणार. दिवसांचा ठरलेला आकडा सांगू नका, ओळखायची पद्धत सांगा:

१. मुळांचा रंग: हिरवं म्हणजे ओलं, चंदेरी-राखाडी म्हणजे कोरडं. त्यासाठी फॅलेनोप्सिस पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत लावा. कोरड्या घरात मातीची कुंडी फार लवकर सुकते, तिथे प्लास्टिकच बरं पडतं. तळाला भोकं मात्र भरपूर हवीत.

२. कुंडीचं वजन: पाणी घातल्यावर उचलून बघा, दोन दिवसांनी परत उचला. आठवड्याभरात हाताला अंदाज येतो.

३. बांबूची काडी: मिश्रणात खोचून दहा मिनिटं ठेवा. ओलसर निघाली तर थांबा.

पाणी घालाल तेव्हा मात्र भरपूर घाला, तळातून वाहून जाईपर्यंत. रोज घोटभर नको. एक-दोन झाडं असतील तर बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवली तरी चालतात. पण विक्रीची झाडं एकाच बादलीत बुडवू नका, एकाचा रोग सगळ्यांना लागतो. त्यांना झारीने घाला.

मिश्रण आणि पाणी

नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे कोरड्या हवेत एका दिवसात सुकतात. त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळा, ओल टिकते. हे तुकडे आधी काही दिवस भिजवा आणि पाणी बदलत राहा, म्हणजे क्षार निघून जातात. माती अजिबात नको.

बोअरच्या जड पाण्याने कुंडीवर पांढरा थर जमतो आणि मुळांची टोकं जळतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पिण्याचं पाणी वापरा. आरओ मशीन जे पाणी बाहेर टाकतं ते नको, त्यात क्षार जास्त असतात. आणखी एक गोष्ट: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं. ते थेट घालू नका. आदल्या रात्री बादलीत भरून ठेवा आणि सकाळी घाला.

ओल हवेत हवी, कुंडीत नाही

ऑर्किडला साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. ती वाढवायला मोठा खर्च नाही. पसरट ट्रेमध्ये खडे आणि पाणी ठेवा, कुंडी खड्यांवर ठेवा. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. झाडं जवळजवळ ठेवा, पण मधून हवा खेळू द्या. एसीच्या झोतात ठेवू नका. फवारणी सकाळीच करा आणि फॅलेनोप्सिसच्या पानांच्या मधोमध साचलेलं पाणी टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो.

पूर्वेची खिडकी उत्तम. गच्चीवर शेडनेट लागेलच: डेंड्रोबियमला ५० टक्के, फॅलेनोप्सिसला ७५ टक्के. ऊन आवरलं की पाण्याची अर्धी अडचण तिथेच सुटते.

आता धंद्याची गोष्ट

झाड विकल्यावर महिन्याभरात मेलं तर कस्टमर "माझं चुकलं" म्हणत नाही, "तिथलं झाड चांगलं नव्हतं" म्हणतो. म्हणून प्रत्येक कुंडीसोबत एक छोटं कार्ड द्या: मुळं राखाडी झाली की पाणी, सकाळीच पाणी, बशीत पाणी साठवू नका, दुपारचं ऊन नको. सोबत बांबूची एक काडी द्या. खर्च नगण्य, पण कस्टमर परत येतो.

लगेच वीस रोपं आणू नका. आधी चार आणा आणि एक उन्हाळा तुमच्याच घरात काढा. कधी पाणी घातलं, कुंडी किती दिवसांत सुकली, हे वहीत लिहा. चारही जगली तर ती वहीच तुमचं खरं भांडवल. मग वीस आणा, बिनधास्त!

भेटूया पुढच्या व्हिडिओत.